असिंक कोडमध्ये डेटाबेसच्या कामाला वेळेची मर्यादा घालताना

अक्षय्य तृतीयेच्या आधीचे चार-पाच दिवस धरा. देवगड-रत्नागिरीच्या बागांतून थेट पेटी मागवणारे लोक एकाच वेळी फोन उघडून बसलेले असतात आणि ऑर्डरी घेणारी सेवा पायथनच्या असिंक कोडवर (एका कामाची वाट बघताना दुसरं हाती घेणाऱ्या कोडवर) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते आहे. नेमक्या त्या वेळी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, अडते. ती अडली म्हणून तिचं कनेक्शन अडतं, कनेक्शन अडलं म्हणून उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, म्हणजे पूल, रिकामा होतो, आणि ज्यांना फक्त भाव बघायचा होता त्यांच्याही स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. अडलेली क्वेरी एकच, पण तिला वेळेची मर्यादा नसल्यामुळे सगळी सेवा खाली बसते.

मर्यादा घालायची म्हटल्यावर बहुतेक जण एकच गोष्ट करतात: क्वेरीभोवती ‘असिंकआयओ.वेट_फॉर’ गुंडाळतात आणि तीन सेकंद देतात. हे अर्धंच काम आहे. त्या तीन सेकंदांनंतर तुमचा कोड थांबायचं सोडतो, एवढंच नक्की घडतं. डेटाबेस त्या क्वेरीवर अजून राबत असू शकतो, तिने धरलेले लॉक (ओळ किंवा टेबल दुसऱ्यांसाठी अडवणारी कुलपं) अजून धरलेले असू शकतात. जाळं पाण्यात सोडून होडी किनाऱ्याला लागली तरी जाळं मासे धरतच राहतं, तसंच हे. म्हणून मर्यादा दोन्ही बाजूंना लागते, डेटाबेसमध्येही आणि तुमच्या कोडमध्येही. त्यातली डेटाबेसची मर्यादा नेहमी आधी संपायला हवी.

आकडे बाहेरून आत ठरवा

सुरुवात ग्राहकाच्या संयमापासून करा. समजा, फोनवरचं अ‍ॅप उत्तराची वाट १० सेकंद बघतं. मग सर्व्हरवरच्या पूर्ण रिक्वेस्टला ८ सेकंद, कारण उत्तर परत पोचायलाही वेळ लागतो आणि सड्यावरच्या वाडीत सिग्नल एकाच कांडीचा असतो. त्या ८ सेकंदांत डेटाबेसच्या पूर्ण ट्रान्झॅक्शनला (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटाला) ५, एका क्वेरीला २, पूलमधून कनेक्शन मिळवायला १, आणि लॉकची वाट बघायला ८०० मिलिसेकंद. हे आकडे नमुन्याचे आहेत, उतरता क्रम मात्र नमुन्याचा नाही. लॉकची मर्यादा क्वेरीच्या मर्यादेएवढी किंवा मोठी ठेवली तर ती कधीच लागू होत नाही, कारण क्वेरीची मर्यादा आधी संपते. मग चूक लॉकची होती की क्वेरीच जड होती, हे नोंदीतून कळत नाही.

क्वेरीचा आकडा अंदाजाने घेऊ नका. ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन चालू करा आणि गर्दीच्या दिवसानंतर ‘मीन_एक्झेक_टाइम’ आणि ‘मॅक्स_एक्झेक_टाइम’ हे रकाने बघा. रोजच्या वापरातली क्वेरी सरासरी १५ मिलिसेकंदांत होते आणि गर्दीत ४०० पर्यंत जाते असं दिसलं, तर २ सेकंद सढळ आहेत. सरासरीवरून मर्यादा ठरवणं ही चूक आहे. गर्दीच्या दिवशी चांगल्या क्वेरीसुद्धा मारल्या जातात.

डेटाबेसच्या बाजूने

पोस्टग्रेसमध्ये ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ ही सेटिंग मुळात बंद असते, म्हणजे शून्य. क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ ती मोजते. पूर्ण सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती लिहू नका. तिथे लिहिली की रात्रीचा हिशोब, इंडेक्स बांधणं, देखभालीची कामं, सगळ्यांवर तीच कात्री चालते. सेवेसाठी वेगळा रोल (डेटाबेसमधलं खातं) बनवा आणि ‘अल्टर रोल … सेट स्टेटमेंट_टाइमआउट’ म्हणून त्या रोललाच २ सेकंद द्या. हिशोबाच्या रोलला १० मिनिटं द्या.

एककाकडे लक्ष ठेवा. पोस्टग्रेसमध्ये नुसता आकडा लिहिला तर तो मिलिसेकंदांत धरला जातो. २ लिहिलंत तर दोन मिलिसेकंदांत क्वेरी मरेल. उलट असिंकपीजीच्या, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या पायथनच्या असिंक लायब्ररीच्या, फंक्शनांना सेकंद लागतात. तिथे २००० लिहिलं तर ती मर्यादा ३३ मिनिटांची झाली, आणि ती चुकीची आहे हे भर हंगामापर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही. पोस्टग्रेसमध्ये आकड्याला नेहमी एकक जोडून अवतरणात लिहायची सवय लावा.

रोलची सेटिंग फक्त नव्या कनेक्शनला लागते. पूलमधली आधीच उघडलेली कनेक्शनं जुन्याच मर्यादेवर चालत राहतात. बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू करा आणि सेवेच्याच कनेक्शनवरून ‘शो स्टेटमेंट_टाइमआउट’ विचारून खात्री करा.

एक सापळा असिंकपीजीच्या पूलचा. बरेच जण पूलच्या ‘इनिट’ फंक्शनमध्ये ‘सेट स्टेटमेंट_टाइमआउट’ चालवतात. पहिल्या वापरात ते बरोबर चालतं. पण कनेक्शन पूलला परत करताना असिंकपीजी ‘रीसेट ऑल’ चालवतं आणि तुमची सेटिंग पुसली जाते. ‘इनिट’ कनेक्शनच्या आयुष्यात एकदाच चालतं, त्यामुळे दुसऱ्या वापरापासून मर्यादाच नसते. त्याऐवजी पूल बनवताना ‘सर्व्हर_सेटिंग्ज’मध्ये द्या. ती जोडणीच्या सुरुवातीलाच जाते, म्हणून ‘रीसेट ऑल’नंतरही तीच किंमत परत येते. मधे पीजीबाउन्सर (सेवा आणि पोस्टग्रेस यांच्यामधे बसून कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्राम) असेल तर हा मार्गही अडतो, कारण अनोळखी सुरुवातीची सेटिंग दिसली की तो जोडणीच नाकारतो. तिथे रोलची सेटिंग बरी.

एखाद्या ट्रान्झॅक्शनला वेगळी मर्यादा हवी असेल तर ‘सेट लोकल’ वापरा. कमिट (पक्कं करणं) किंवा रोलबॅक (रद्द करणं) झाला की ती आपोआप जाते. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असताना साधा ‘सेट’ वापरला तर ती मर्यादा त्याच कनेक्शनवर येणाऱ्या पुढच्या, भलत्याच रिक्वेस्टच्या गळ्यात पडते. ‘सेट लोकल’ला पॅरामीटर देता येत नाही; किंमत कोडमधून द्यायची असेल तर ‘सेट_कॉन्फिग’ हे फंक्शन वापरा आणि तिसरा आर्ग्युमेंट ‘ट्रू’ ठेवा. आणि ट्रान्झॅक्शन उघडलेलंच नसेल तर ‘सेट लोकल’ फक्त इशारा देऊन गप्प बसतो, परिणाम काहीच करत नाही.

लॉक: एकाच ओळीवर सगळे

समजा, साठ्याच्या टेबलात एका बागायतदाराच्या पाच डझनी पेटीची एक ओळ आहे आणि प्रत्येक ऑर्डर त्या ओळीतला आकडा एकाने कमी करते. तीस जणांनी एकदम मागणी केली की एकाने लॉक धरलेलं असतं आणि एकोणतीस जण रांगेत असतात. क्वेरी स्वतः दोन मिलिसेकंदांची आहे, वाट मात्र पुढच्या सगळ्यांची बेरीज. इथे ‘लॉक_टाइमआउट’ कामाला येतो. ८०० मिलिसेकंदांत लॉक मिळालं नाही तर पोस्टग्रेस ५५पी०३ हा कोड देतो आणि तुम्ही ग्राहकाला लगेच सांगू शकता की या पेटीवर आत्ता गर्दी आहे, थोड्या वेळाने पुन्हा बघा. क्वेरीची मर्यादा संपली तर कोड ५७०१४ येतो. दोन्ही वेगळे नोंदवा. पहिल्याचा उपाय टेबलाच्या रचनेत असतो आणि दुसऱ्याचा बहुधा इंडेक्समध्ये.

रांग मुळातच लहान करायची असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये साठ्याची ओळ सगळ्यात शेवटी बदला. ग्राहकाचा पत्ता, ऑर्डरची नोंद, पावतीचा क्रमांक हे सगळं आधी लिहा. लॉक जितका उशिरा घ्याल तितका कमी वेळ धराल. हा एक बदल कोणत्याही टाइमआउटपेक्षा जास्त फरक पाडतो.

लॉकच्या बाबतीत सगळ्यात मोठा घात मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलणं, करतं. बहुतेक प्रकारच्या ‘अल्टर टेबल’ला त्या टेबलावर सगळ्यात कडक लॉक लागतं. आधीची एखादी लांब क्वेरी चालू असेल तर ते रांगेत थांबतं, आणि त्याच्या मागे आलेली साधी ‘सिलेक्ट’सुद्धा त्याच्यामागे थांबते. दिसायला काहीच जड चाललेलं नसतं आणि सेवा मात्र बंद. मायग्रेशनच्या सुरुवातीला ‘लॉक_टाइमआउट’ दोन सेकंदांचा ठेवा. नाही मिळालं लॉक तर सोडून द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा करा. शक्य असेल तर टेबलांची मोठी मोडतोड पहिला पाऊस पडून आंबा संपल्यावरच करा.

वीज गेली तर

ऑर्डरींची सेवा कुडाळ किंवा चिपळूणच्या दुकानातल्या मशीनवर आहे आणि डेटाबेस क्लाउडवर, अशी मांडणी असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी हे हमखास घडतं: ट्रान्झॅक्शन उघडलं, साठ्याची ओळ लॉक झाली आणि तेवढ्यात वीज गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. डेटाबेसला कुणी ‘मी गेलो’ असं सांगितलेलंच नाही. पलीकडचा अजून आहे का हे विचारणारा लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह पहिली चौकशी मुळातच ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतो. तोपर्यंत ते ट्रान्झॅक्शन निवांत उघडं राहतं आणि त्या पेटीची विक्री बंद.

इथे ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ उपयोगी नाही, कारण कुठलीच क्वेरी चालू नाही. लागतो तो ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’. पोस्टग्रेस ९.६ पासून तो आहे. सेवेच्या रोलला १० सेकंद द्या. पोस्टग्रेस १७ मध्ये ‘ट्रान्झॅक्शन_टाइमआउट’ही आला आहे, तो पूर्ण ट्रान्झॅक्शनचा वेळ मोजतो, मग ते कामात असो वा रिकामं बसलेलं.

हाच रिकामा वेळ कोडच्या चुकीनेही तयार होतो. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पेमेंट गेटवेला विचारणं, एसएमएस पाठवणं, फोटो अपलोड करणं, यातलं काहीही करू नका. असिंक कोडमध्ये ‘अवेट’ लिहिणं इतकं सोपं असतं की ते ट्रान्झॅक्शनच्या आत पडलं आहे हे नजरेतून सुटतं. आधी ऑर्डर ‘प्रतीक्षेत’ म्हणून नोंदवून कमिट करा, मग पेमेंटचं बघा, मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ती पक्की करा.

कोडच्या बाजूने

पायथन ३.११ पासून ‘असिंकआयओ.टाइमआउट’ हा कॉन्टेक्स्ट मॅनेजर आहे. नव्या कोडमध्ये तोच वापरा. जुन्या आवृत्त्यांतला ‘वेट_फॉर’ आतल्या कामासाठी वेगळा टास्क बनवायचा, आणि वेळ संपणं व काम पूर्ण होणं एकाच क्षणी घडलं तर हातात आलेलं कनेक्शन हरवण्याची शक्यता असायची. ३.१२ मध्ये तोही नव्या पद्धतीवर बेतला गेला.

मांडणी अशी करा. सगळ्यात बाहेर ‘असिंकआयओ.टाइमआउट’ ५ सेकंदांचा. त्याच्या आत ‘पूल.अक्वायर’, त्याला स्वतःचा ‘टाइमआउट’ १ सेकंद. त्याच्या आत ट्रान्झॅक्शन, आणि त्यात क्वेरी. पूल बनवताना ‘कमांड_टाइमआउट’ ३ सेकंद ठेवा, म्हणजे डेटाबेसच्या २ सेकंदांपेक्षा थोडा जास्त. नेहमीच्या अडचणीत आधी डेटाबेस स्वतः क्वेरी थांबवेल, नीट कोडसह चूक कळवेल आणि कनेक्शन धड राहील. कोडची ही मर्यादा लागू झालीच, तर समजायचं की डेटाबेसपर्यंतची वाटच तुटली आहे.

‘कमांड_टाइमआउट’ एकेका क्वेरीचा आहे, सगळ्यांचा मिळून नव्हे. एका रिक्वेस्टमध्ये दहा क्वेरी असतील आणि प्रत्येक दीड सेकंद घेत असेल तर एकही मर्यादा न ओलांडता १५ सेकंद जातात. बाहेरचे ५ सेकंद त्यासाठीच लागतात.

चूक पकडायची जागाही महत्त्वाची. वेळ संपली की ‘असिंकआयओ.टाइमआउट’ आतल्या कोडला ‘कॅन्सल्ड_एरर’ देतो आणि ब्लॉकमधून बाहेर पडताना तिचं रूपांतर ‘टाइमआउट_एरर’मध्ये करतो. म्हणून ‘टाइमआउट_एरर’ पकडणारा ‘एक्सेप्ट’ त्या ब्लॉकच्या बाहेर लिहा. आत लिहिलात तर बाहेरच्या मर्यादेची चूक तिथे कधीच पोचत नाही. पायथन ३.८ पासून ‘कॅन्सल्ड_एरर’ ही ‘बेस_एक्सेप्शन’ची वंशज आहे, त्यामुळे साधा ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ तिला गिळत नाही. पण नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून पुढे जाणारा कोड गिळतो, आणि मग कितीही मर्यादा घाला, टास्क थांबत नाही. असा कोड शोधून काढून टाका.

वेळ संपल्यावर असिंकपीजी स्वतःहून सर्व्हरला क्वेरी रद्द करण्याची विनंती पाठवतं. त्यासाठी ते वेगळी, नवी जोडणी उघडतं. नेटवर्कच गेलं असेल तर ती विनंतीही पोचत नाही, आणि कनेक्शन पूलला परत करताना कोड पुन्हा वाट बघू शकतो. ‘अक्वायर’ला दिलेला टाइमआउट परत करतानाही लागू होतो, तो दिला असेल तर तेवढ्या वेळात असिंकपीजी ते कनेक्शन तोडून टाकतं. ‘अक्वायर’ला टाइमआउट द्यायला विसरू नका असं आग्रहाने सांगण्याचं हे दुसरं कारण.

नवी जोडणी उघडण्यालाही मर्यादा हवी. असिंकपीजी मुळात ६० सेकंद थांबतं. तेही नसतं तर लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर दोन मिनिटांहून जास्त प्रयत्न करत बसतो. ३ सेकंद पुरेसे आहेत.

नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘प्रॉमिस.रेस’ हरलेल्या प्रॉमिसला थांबवत नाही, ती क्वेरी मागे चालूच राहते. ‘पीजी’ पॅकेजच्या पूलमध्ये ‘कनेक्शन_टाइमआउट_मिलिस’ मुळात शून्य, म्हणजे अमर्याद वाट. आणि तिथला ‘क्वेरी_टाइमआउट’ फक्त तुमच्या बाजूचा आहे. सर्व्हरवरची क्वेरी थांबवायला ‘स्टेटमेंट_टाइमआउट’च लागतो. मायएसक्यूएल असेल तर ‘मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम’ फक्त ‘सिलेक्ट’वर चालतो आणि ‘इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट’ मुळात ५० सेकंदांचा असतो; तो खाली आणा.

टाइमआउट लावूनही वेळ पाळली जात नसेल

मग इव्हेंट लूप, म्हणजे सगळी असिंक कामं आळीपाळीने चालवणारं चक्र, अडकलेला असतो. ‘असिंकआयओ.टाइमआउट’ हा लूपवरचाच एक गजर आहे. लूप दुसऱ्या कामात गुंतला असेल तर तो वाजतच नाही. ‘असिंक डेफ’च्या आत सायकोपीजी२ सारखी साधी, थांबवून ठेवणारी लायब्ररी वापरणं, मोठी पीडीएफ पावती तिथेच बनवणं, शेकडो फोटो लहान करणं, ही नेहमीची कारणं. ‘पायथनअसिंकआयओडीबग’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून सेवा चालवा. १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप धरून ठेवणारा प्रत्येक तुकडा नोंदीत दिसेल. साधी लायब्ररी ‘टू_थ्रेड’मध्ये टाकली तर लूप मोकळा राहतो, पण टाइमआउट झाल्यावर तो थ्रेड थांबत नाही. तिथे डेटाबेसच्या बाजूची मर्यादा हाच एकमेव आधार.

कमिटच्या क्षणी वेळ संपली तर

हा सगळ्यात नाजूक भाग. कमिट पाठवलं आणि उत्तर येण्याआधी मर्यादा संपली. ऑर्डर नोंदली गेली की नाही? तुमच्या कोडला हे कळू शकत नाही. झाली नाही असं धरून पुन्हा पाठवली तर ग्राहकाच्या दारात दोन पेट्या येतात आणि दुसरीचे पैसे परत करताना बागायतदाराचा आंबा पिकून जातो.

प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक अनन्य किल्ली द्या, यूयूआयडी चालेल, आणि टेबलात त्या रकान्यावर ‘युनिक’ निर्बंध ठेवा. नोंद करताना ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ वापरा. ओळ नव्याने पडली तरच त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साठा कमी करा. नाहीतर पेटी एक आणि वजाबाकी दोनदा. मग तीच ऑर्डर दुसऱ्यांदा आली तरी नोंद एकच राहते.

पुन्हा प्रयत्न करायचा तो उरलेल्या वेळातच. ८ पैकी ६ सेकंद गेले असतील तर नवा प्रयत्न सुरू करू नका. एकदाच करा, आणि आधी १०० ते ४०० मिलिसेकंदांची कमी-जास्त विश्रांती घ्या. सगळ्यांनी एकाच क्षणी पुन्हा धडक मारली तर दमलेला डेटाबेस उभाच राहत नाही.

मुद्दाम मोडून बघा

हंगामाआधी एक दुपार यासाठी काढा. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला थेट आज्ञा देण्याच्या साधनाच्या) दोन खिडक्या उघडा. पहिलीत ‘बिगिन’ करून साठ्याची एक ओळ ‘अपडेट’ करा आणि कमिट न करता सोडून द्या. आता सेवेतून त्याच पेटीची ऑर्डर द्या. एका सेकंदाच्या आत ५५पी०३ यायला हवा. दुसऱ्या खिडकीत ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’मधून ‘पीआयडी’, ‘स्टेट’, ‘वेट_इव्हेंट_टाइप’ आणि ‘क्वेरी’ बघत राहा. सेवेने चूक दाखवली तरी तिची क्वेरी तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसत असेल, तर डेटाबेसची मर्यादा लागूच झालेली नाही. पहिली खिडकी सेवेच्याच रोलने उघडली असेल तर १० सेकंदांनी तीही आपोआप तुटलेली दिसेल.

मग सेवेतून ‘पीजी_स्लीप’ १० सेकंदांचा चालवा; २ सेकंदांत ५७०१४ यावा. पूलचा ‘मॅक्स_साइझ’ दोन करून एकदम पाच रिक्वेस्टी पाठवा. ज्यांना कनेक्शन मिळालं नाही त्या एका सेकंदात परत फिरायला हव्यात. शेवटी आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टकडे जाणारी पाकिटं ‘ड्रॉप’ करा. ‘रिजेक्ट’ नको, कारण त्यात नकार लगेच येतो. तुटलेल्या केबलकडून कसलाच नकार येत नाही. या वेळी कोडच्या मर्यादा चालायला हव्यात आणि रिक्वेस्ट ५ सेकंदांच्या पुढे जाता कामा नये.

प्रत्येक चाचणीनंतर पूलमध्ये किती कनेक्शनं मोकळी आहेत ते मोजा. सुरुवातीला दहा होती आणि आता नऊच परत आली, तर एक कुठेतरी गळतं आहे. ते आजच शोधा.